फुलांचे रंग आणि त्यांचा वारसा



वसंत ऋतूत फुलांविषयी बोलायला जो उभा राहतो, त्याच्याकडून श्रोत्यांची अपेक्षा काव्याची असते. ती आमच्याकडून पुरी व्हायची नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. फुलाचा रंग पाहून मनाला काय वाटते, हे सांगणारे आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. तो रंग पाकळीत आला कसा, आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना तो कधी टिकतो, कधी लपतो आणि कधी भलत्याच रूपाने का प्रकट होतो, एवढाच आमचा आजचा विषय आहे. विषय बागेतला आहे खरा, पण तो बागेच्या कुंपणाशी थांबत नाही. तो कोठवर जातो ते शेवटी पाहू.

वारशाबद्दलचे आपले सगळे लोकशास्त्र ‘खाण तशी माती’ या तीन शब्दांत आटोपते. आईबाप जसे तशी मुले; आणि आईबाप एकमेकांहून निराळे असले तर मुले दोघांच्या मधली. दुधात कुंकू कालवावे आणि गुलाबी रंग व्हावा, तसा वारसा एकमेकांत कालवला जातो, अशी आपली समजूत. ती अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु परसातल्या गुलबक्षीपाशी जरा बसून हिशेब केला, की ती ढासळू लागते.

गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की न्हाणीच्या पाण्यावर, विहिरीच्या कडेला, कोणी न लावताही वाढते आणि दिवस कलला की फुलते. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने तांबड्या गुलबक्षीचा पांढऱ्या गुलबक्षीशी संकर केला. झालेली सगळी झाडे गुलाबी फुलांची निघाली. येथवर दूध आणि कुंकू यांचा दृष्टांत ठीक चालतो. पुढे त्या गुलाबी झाडांचेच बी धरून पेरले, तेव्हा मात्र निराळा प्रकार दिसला. दर चार झाडांत सरासरीने एक तांबडे, दोन गुलाबी आणि एक पांढरे! आता दुधात कालवलेले कुंकू पुन्हा वेगळे काढून कोणी दाखवले आहे काय? येथे तर पांढरा निखळ पांढरा होऊन परत आला आणि तांबडाही उणा न होता परत आला. तेव्हा गुलाबी झाडात हे दोन वारसे विरघळलेले नव्हते. शेजारी शेजारी, अखंड नांदत होते. फक्त त्यांचे मिळून होणारे काम गुलाबी दिसत होते.

हा हिशेब प्रथम मांडला तो आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी. १८६५ साली त्यांनी तेथील निसर्गाभ्यासकांच्या सभेपुढे दोन बैठकांत आपला निबंध वाचला आणि १८६६ साली तो छापून आला. त्याचे महत्त्व जगाने ओळखले ते १९०० साली. ओळखणाऱ्यांत हे कॉरेन्सही होते. मेंडेल १८८४ सालीच वारले होते. त्यांनी वाटाण्याची जांभळ्या फुलांची जात पांढऱ्या फुलांच्या जातीशी जुळवली. पहिल्या पिढीत सगळी फुले जांभळी, पांढऱ्याचा मागमूसही नाही. दुसऱ्या पिढीत ९२९ झाडांपैकी ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी. म्हणजे तिनास एक. गुलबक्षीत दोन्ही वारसे मिळून मधली छटा देतात, वाटाण्यात एक दुसऱ्याला झाकून टाकतो, एवढाच काय तो फरक. आत चालणारी वाटणी एकच आहे. प्रत्येक झाडात अशा वारशाची जोडी असते, अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून आलेली. आणि पुढच्या पिढीला देताना जोडीतला कोणता तरी एकच द्यायचा. या वारशाच्या एककाला आपण आज जनुक म्हणतो.

एवढे ऐकले, की ‘जांभळ्या रंगाचे एक जनुक आणि पांढऱ्या रंगाचे एक जनुक’ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पाठ्यपुस्तकांतून हेच चित्र रंगवलेले असते. ते सोपे आहे, म्हणूनच त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे. मेंडेल स्वतः सावध होते. त्यांनी घेवड्याच्या पांढऱ्या आणि लाल फुलांच्या दोन जातींचा संकर केला, तेव्हा दुसऱ्या पिढीत गडद लालापासून फिक्या जांभळ्यापर्यंत छटांची उतरंड लागली, आणि ३१ झाडांत पांढरे निघाले अवघे एक. वाटाण्याचा हिशेब येथे बसेना. तेव्हा येथला रंग एका घटकाचा नसावा, दोन किंवा अधिक स्वतंत्र घटक मिळून तो होत असावा, असा तर्क त्यांनी त्याच निबंधात करून ठेवला आहे.

हा तर्क किती खरा होता याचे प्रत्यंतर सुमारे चाळीस वर्षांनी आले. इंग्लंडात केंब्रिज येथे विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स आणि रेजिनाल्ड पनेट ही मंडळी आनुवंशिकतेचे प्रयोग करीत होती. या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव दिले तेही बेटसन यांनीच. आपल्याकडे थंडीत बंगल्यांच्या आवारात ‘स्वीट पी’ नावाचा सुगंधी फुलांचा वेल लावतात, त्याच्या पांढऱ्या फुलांच्या दोन वाणांचा त्यांनी संकर केला. पांढऱ्यात पांढरे मिळवले तर पांढरेच निघणार, असे कोणीही पैजेवर सांगितले असते. संतती निघाली जांभळी! आणि दुसऱ्या पिढीत सोळांत नऊ जांभळी आणि सात पांढरी, असे प्रमाण पडले.

ही काय जादू आहे? आम्ही घरातलाच दृष्टांत देतो. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत. सणाच्या दिवशी दोघांकडेही पुरणपोळी झाली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच; पोळी नसलेली. पण एका घरी पुरणयंत्र मोडले आहे आणि तवा शाबूत आहे. दुसऱ्या घरी पुरणयंत्र उत्तम आहे, तव्याला मात्र भोक पडले आहे. दोघींनी सामान एकत्र केले, की लगेच पोळी तयार. स्वीट पीचे ते दोन पांढरे वाण अशीच दोन बिऱ्हाडे होती. रंग तयार व्हायला निदान दोन जनुके धडधाकट लागतात. एका वाणात पहिले बिघडलेले होते, दुसऱ्यात दुसरे. संकरात एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. पुढच्या पिढीत ही जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली. पहिले धडधाकट असण्याची शक्यता चारांत तीन, दुसरे असण्याची चारांत तीन. दोन्ही एकदम असण्याची सोळांत नऊ. उरलेल्या सातांत दोहोंपैकी काही तरी मोडलेलेच. म्हणून सात पांढरी. शाळेतल्या मुलालाही हा गुणाकार करता येईल. पण त्यातून निघणारा अर्थ लहान नाही. दोन फुले सारखी पांढरी दिसतात म्हणून ती एका कुळीची आहेत, असे म्हणता येत नाही.

आता त्या पोळीचे, म्हणजे रंगाचे, सामान काय आहे ते पाहू. फुलांचे रंग मुख्यतः तीन घराण्यांतले आहेत, आणि तिन्ही घराणी आपल्या स्वयंपाकघरात रोज वावरतात. गाजराचा आणि झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड घराण्याचा. बिटाचा, तांबड्या माठाचा आणि आपल्या गुलबक्षीचाही रंग बीटालेन घराण्याचा. वांग्याच्या सालीचा, जांभळाचा आणि वाटाणा, गुलाब, गोकर्ण यांच्या फुलांचा रंग अँथोसायनिन घराण्याचा. गंमत अशी की, यांपैकी शेवटच्या दोन घराण्यांचे रंग एकाच वनस्पतीत निसर्गतः एकत्र सापडलेले नाहीत. तांबड्यापासून निळ्यापर्यंतची बहुतेक फुले अँथोसायनिनची असल्यामुळे पुढची गोष्ट त्याचीच आहे.

अँथोसायनिन एका फटक्यात तयार होत नाही. वनस्पतीच्या पेशीत फेनिलॲलनिन नावाचे साधे द्रव्य असते. त्याच्यावर एकामागून एक संस्कार होत जातात आणि प्रत्येक संस्कार करणारे विकर, म्हणजे एंझाइम, वेगळे असते. प्रत्येक विकर कसे घडवायचे याचा लेख ज्याच्यापाशी असतो ते जनुक. पहिल्या बहुतेक पायऱ्यांवर डोळ्याला लाल-निळा रंग मुळी दिसतच नाही. तो अगदी शेवटाकडे प्रकटतो. मग त्याला साखरेचा रेणू जोडला जातो आणि पाकळीच्या पेशीत रसाने भरलेली एक पिशवी असते, तिच्यात तो साठवला जातो. या मालिकेतला कोणताही एक कारागीर गैरहजर राहिला, की फूल पांढरे किंवा फिके होते. ‘रंगाचे जनुक’ म्हणून कोणी एकटा नाही. ही साखळी आहे. या रसायनाची आणि आनुवंशिकतेची सांगड घालणाऱ्यांत म्युरिअल व्हेल्डेल या विदुषीचे नाव अग्रभागी आहे. ‘स्नॅपड्रॅगन’च्या फुलांवर वर्षानुवर्षे काम करून १९१६ साली त्यांनी अँथोसायनिनवर ग्रंथ लिहिला.

कारागिरांवर मुकादमही असतो. साखळीतली विकरे केव्हा, कोठे आणि किती घडवायची याचा हुकूम सोडणारी जनुके निराळी असतात. मेंडेल यांचा तो पांढरा वाटाणा घ्या. त्याच्या आत काय बिघडले होते याचा उलगडा २०१० साली, म्हणजे निबंध वाचल्यानंतर १४५ वर्षांनी, झाला. तेथे कारागीर सगळे जागेवर होते. मुकादमाचे जनुक एका अक्षराच्या फरकाने निकामी झाले होते. म्हणूनच त्या झाडाच्या पानांच्या बेचक्यातला जांभळा डागही नाहीसा होतो आणि बियांच्या सालीचा करडा रंगही जातो. मेंडेल यांनी हे तिन्ही बदल जोडीने होतात हे टिपून ठेवले होते. मुकादम एक, त्याच्या हाताखालची कामे तीन.

साखळी पुरी झाली तरी छटा ठरायची राहतेच. अँथोसायनिनच्या गाभ्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. त्यांतील एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एक असली तर पेलार्गोनिडिन, त्याचा कल नारिंगी-तांबड्याकडे. दोन असल्या तर सायनिडिन, त्याचा कल किरमिजीकडे. तीन असल्या तर डेल्फिनिडिन, त्याचा कल जांभळ्या-निळ्याकडे. ही जोडी चिकटवणारे विकर ज्या जातीत आहे तिला निळे होण्याची वाट मोकळी; नाही तिला ती बंद. गुलाब, शेवंती आणि कार्नेशन यांच्यापाशी तिसरी जोडी चिकटवणारे विकर नाही. शतकानुशतके माळ्यांनी गुलाबाचे संकर केले, पण निळा गुलाब कोणाला साधला नाही, तो या एका उणिवेमुळे. जे सामान घरात कोणाकडेच नाही, ते घरातल्या घरात उसनवारी करून कसे मिळणार?

एवढ्यानेही निकाल लागत नाही, कारण रंगद्रव्य एकच असून फुले निरनिराळी दिसू शकतात. रिखार्ट व्हिलश्टेटर या रसायनशास्त्रज्ञाला वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने दाखवून दिले की युरोपच्या शेतांतले निळेभोर कॉर्नफ्लॉवर आणि तांबडा गुलाब यांचे मूळ रंगद्रव्य एकच, सायनिडिन. मग एक निळे का? कॉर्नफ्लॉवरमध्ये ते एकटे राहत नाही. त्याचे सहा रेणू, सोबतीला फ्लेव्होन नावाच्या द्रव्याचे सहा रेणू आणि मध्ये लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम, असा एक मेळा जमतो आणि तो निळा दिसतो. त्या मेळ्याची नेमकी रचना २००५ साली क्ष-किरणांनी उलगडली.

दुसरे कारण रसाच्या आंबटपणाचे. हा प्रयोग आपण घरी करून पाहावा. गोकर्णाची चार निळी फुले गरम पाण्यात टाका. पाणी निळे होईल. त्यात लिंबू पिळा. पाहता पाहता ते जांभळे होईल. द्रव्य तेच, आम्लता बदलली. ‘मॉर्निंग ग्लोरी’ची निळी जात हा प्रयोग दररोज पहाटे स्वतःवरच करते. तिची कळी तांबूस-जांभळी असते. उमलताना पाकळीच्या पेशींतल्या रसाची आम्लता घटते आणि फूल आकाशी होते. जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले की हे काम करणारे एक स्वतंत्र जनुक आहे. ते बिघडले की फूल उमलते, पण जांभळेच राहते. म्हणजे रंगाच्या साखळीत ज्याचा कोठेही हात नाही, असे जनुकही रंग ठरवते.

आता शेवंतीकडे वळू. पांढरी शेवंती पांढरी का? आतापर्यंतच्या विवेचनावरून आपण म्हणाल, काही तरी उणे असेल म्हणून. उलट प्रकार आहे! पिवळ्या शेवंतीपेक्षा तिच्यात एक जनुक अधिक चालू असते. पाकळीत तयार होणारे पिवळे कॅरोटिनॉइड हे जनुक तोडून नाहीसे करते. २००६ साली जपानमध्ये त्याचा शोध लागला. त्या जनुकाचे तोंड बंद केले तेव्हा पांढऱ्या शेवंतीला पिवळी फुले आली. वाटाण्यात मुकादम नव्हता म्हणून पांढरे, स्वीट पीत कारागीर नव्हता म्हणून पांढरे, शेवंतीत रंग पुसणारा हजर आहे म्हणून पांढरे. डोळ्याला एकच पांढरा दिसतो. मागे कथा तीन आहेत.

चौथी कथा सर्वांत चमत्कारिक आहे. १९९० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळ्या पिटुनियात रंगाच्या साखळीतल्या आरंभीच्या एका विकराचे जास्तीचे जनुक घातले. हिशेब सरळ होता. कारागीर वाढवला तर रंग गडद होईल. प्रत्यक्षात कित्येक झाडांना पांढरी आणि पांढऱ्या-जांभळ्या नक्षीची फुले आली. बाहेरून आलेले जनुक तर बोलेनाच, पण त्याने घरच्या जनुकालाही मुके केले होते! त्याच वर्षी नेदरलँड्समध्येही असाच अनुभव आला. पेशी आपल्याच जनुकांचे निरोप वाटेत गाठून तुकडे तुकडे करू शकते, हे यातून हळूहळू उमगले. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीत या क्रियेचे मर्म उलगडले आणि २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तत्त्वावर आधारलेले पहिले औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. ते मज्जातंतूंना ग्रासणाऱ्या एका आनुवंशिक रोगावरचे आहे. एका कुंडीतल्या फुलाने हिशेब चुकवला आणि त्यातून रोग्यांच्या कामी येणारी विद्या निघाली.

पिटुनियाचीच आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. पिटुनियाला नारिंगी रंग निसर्गतः साधत नाही, कारण तिचे एक विकर पेलार्गोनिडिनच्या वाटेवरचे द्रव्य हाती घेत नाही. १९८७ साली जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेत मक्याचे एक जनुक तिच्यात घातले आणि विटकरी-नारिंगी फूल आले. १९९० साली अशी सुमारे ३०,००० झाडे उघड्या शेतात लावली. झाडे जुनी होत गेली आणि उन्हाळा चढला, तशी बरीच फुले फिकी पडली. जनुक जागेवर होते. त्याच्यावर रासायनिक शिक्के पडून ते गप्प झाले होते. ती गोष्ट तेथेच संपली असे सर्वांना वाटले. पुढे २०१५ साली फिनलंडातील एका वनस्पतिशास्त्रज्ञाला हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकापाशी कुंड्यांतून नारिंगी पिटुनिया फुललेल्या दिसल्या. तपासणी केली तो काय, आत मक्याचे जनुक! परवानगीवाचून या जाती बाजारात कशा पसरल्या हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. २०१७ साली युरोप-अमेरिकेत अशा जातींची असंख्य रोपे नष्ट करण्यात आली. त्या रोपांनी कोणाचे काही बिघडवले होते असे नाही. पण रोपवाटिकेत काय कोठून येते याची नोंद ठेवणे किती अगत्याचे आहे, हे मात्र सर्वांना कळून चुकले.

आणि तो निळा गुलाब? पॅन्सीच्या फुलातले जनुक घालून जपानी-ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी डेल्फिनिडिन असलेला गुलाब घडवला. २००४ साली त्याची घोषणा झाली आणि २००९ साली तो जपानच्या बाजारात आला. त्याच्या पाकळीतले रंगद्रव्य जवळजवळ सगळे ‘निळ्या’ जातीचे आहे, आणि तरीही तो आकाशासारखा निळा नाही, फिक्या जांभळ्या छटेचा आहे. कारण गुलाबाच्या पाकळीचा रस आंबट! गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पिळले होते, तेच झाले. शेवंतीच्या बाबतीत मात्र २०१७ साली जपानमध्ये खरा निळा साधला. तेथे दोन जनुके लागली. एक ‘कँटरबरी बेल’ या फुलाचे, आणि दुसरे, रंगाला विशिष्ट जागी साखर जोडणारे, आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचे. शिवाय शेवंतीत आधीच असलेली काही रंगहीन द्रव्ये त्या रंगाला सोबत करायला तयार होती, म्हणून हे जमले. पाहुणा कितीही कर्तबगार असो, घरच्या माणसांनी सांभाळून घ्यावे लागते.

बागेची हौस असणाऱ्यांना यातून एक व्यवहारी बोध घेता येईल. बाजारातून ‘संकरित’ म्हणून आणलेल्या रोपाचे बी धरले आणि पुढच्या वर्षी भलतेच रंग आले, तर दुकानदाराने फसवले असे लगेच म्हणू नये. मेंडेल यांच्या वाटाण्यात दुसऱ्या पिढीत झाले तेच आपल्या वाफ्यात झालेले असते. जो रंग हवा तोच राखायचा असेल तर बियांवर विसंबू नये. गुलाबावर डोळे भरतात, शेवंतीचे मुनवे लावतात, बोगनवेलीच्या फांद्या लावतात, ते याचसाठी. तेथे वारशाची नवी वाटणीच होत नाही; तेच झाड पुढे चालते.

हा झाला बागेतला बोध. पण आरंभी आम्ही म्हटले होते की हा विषय कुंपणाशी थांबत नाही.

पांढऱ्यात पांढरे मिळवून जांभळे निघते, हे केंब्रिजच्या मंडळींनी १९०५ च्या सुमारास जगाला सांगितले. मेंडेल यांचा घेवडा तर त्याच्याही आधीचा. वाईट याचे वाटते की, त्याच काळात आणि त्याच शास्त्राच्या नावाने माणसांविषयी मात्र नेमके उलटे सांगितले जात होते. गरिबी, मंदबुद्धी, गुन्हेगारी, भटकेपणा, या प्रत्येकाचे जणू एकेक जनुक असते आणि ते वाटाण्याच्या रंगासारखे बापाकडून मुलाकडे जाते, असे अमेरिकेतले काही नामांकित शास्त्रज्ञ वंशावळींचे तक्ते मांडून सांगत होते. १९०७ साली इंडियाना राज्याने अशा ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांना सक्तीने निर्बीज करण्याचा कायदा केला. इतर अनेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला आणि पुढील काही दशकांत ६०,००० हून अधिक स्त्री-पुरुषांवर ही शस्त्रक्रिया झाली. १९३३ साली जर्मनीत नाझींनी तसाच कायदा केला. तेथे हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला, आणि त्यापुढे जे घडले ते आपण सर्व जाणताच. या लोकांना विज्ञान ठाऊक नव्हते असे नाही. अर्धे ठाऊक होते. तिनास एक हे त्यांनी पाठ केले होते. नवास सात याचा अर्थ त्यांनी मनावर घेतला नाही.

आपणही स्वतःला फार वेगळे समजू नये. ‘मुलगी गोरी पाहिजे’ या अटीपासून ‘त्यांच्या रक्तातच आहे’ या शेऱ्यापर्यंत, दिसणाऱ्या एका गुणावरून कुळी आणि कुळीवरून माणूस ठरवण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. माणसाच्या कातडीचा रंग एका जनुकाचा नाही. त्यात अनेक जनुकांचा हात आहे आणि वर उन्हाचाही आहे. मग स्वभाव, बुद्धी आणि शील यांची काय कथा? पाकळीसारख्या साध्या वस्तूत कारागीर, मुकादम, पुसणारा, गप्प करणारा आणि रसाचा आंबटपणा इतक्यांचे मिळून एका रंगावर एकमत व्हावे लागते. मग माणसासारख्या प्राण्याचा निवाडा त्याच्या आडनावावरून करणाऱ्याने निदान एकदा गुलबक्षीचा हिशेब करून पाहावा.

वारसा खोटा आहे असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. तो खरा आहे, मोजता येतो आणि त्याला नियम आहेत. आजचे सारे व्याख्यान त्याचीच साक्ष आहे. पण वारशात काय आले आहे हे वरून पाहून कळत नाही. पांढऱ्या फुलाच्या पोटात जांभळा रंग पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत असू शकतो. जोडीला योग्य सोबती मिळाला की तो प्रकटतो. ज्याला आपण उणे म्हणून बाजूला सारतो, त्याच्यापाशीच दुसऱ्याला हवे असलेले सामान असू शकते.

व्याख्यानात ऐकलेले घरी जाईपर्यंत टिकते आणि हाताने केलेले जन्मभर टिकते, म्हणून जाता जाता एक विनंती करतो. येत्या पावसाळ्यात गुलबक्षी फुलेल. एखादे गुलाबी फुलांचे झाड मिळाले तर दुपारीच, उमलण्याआधी, त्याच्या काही कळ्यांवर मलमलीची छोटी पिशवी सैलसर बांधा, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग येणार नाहीत. हे फूल स्वतःचे परागण स्वतः करू शकते. सुरकुतलेले काळे बी जमवा, पुढच्या वर्षी पेरा, मुलांना बरोबर घ्या आणि फुले येतील तशी रंगवार मोजणी लिहून ठेवा. आपल्या परसातल्या गुलबक्षीत पिवळ्या रंगाचा वारसाही मिसळलेला असण्याचा संभव आहे. तेव्हा आकडे पुस्तकातल्यासारखे जुळले नाहीत तर निराश होऊ नका. मेंडेल यांचा घेवडाही जुळला नव्हता. का जुळले नाहीत हे मुलांनाच विचारा, आणि ती काय उत्तर देतात ते शांतपणे ऐकून घ्या.